हातावर पोट असलेली पेशी : एनके पेशी कशावर जगते आणि कशाने दमते

कोरोनाच्या दिवसांपासून ‘इम्युनिटी’ हा शब्द आपल्या घरांत मुक्कामालाच आला आहे. काढा, चूर्ण, सरबत, गोळी, ज्याच्यावर बघावं त्याच्यावर ‘इम्युनिटी वाढवा’ असं छापलेलं. ऐकणाऱ्याला वाटतं, शरीरात इम्युनिटी नावाची एखादी टाकी असावी आणि ती वरपर्यंत भरली की झालं काम. प्रत्यक्षात ही टाकी नाही, माणसांनी भरलेल्या मोहल्ल्यासारखा कारभार आहे. प्रत्येक पेशीचं काम वेगळं, आणि ते काम कधी सुरू करायचं, किती करायचं, कधी थांबायचं याचे निरोप सतत इकडून तिकडे जात असतात. त्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. सायटोकाइन म्हणजे पेशींनी सोडलेली छोटी प्रथिनं. एका पेशीने सोडायची, दुसरीने झेलायची.

आज या कारभारातल्या एकाच पेशीची गोष्ट सांगतो. तिचं नाव ‘नॅचरल किलर’, थोडक्यात एनके पेशी. या पेशीचं जगणं, लढणं, दमणं आणि मरणं, सगळं त्या निरोपांवर अवलंबून आहे. आणि हा विषय फक्त प्रयोगशाळेचा नाही. काही घरांत बाळं एकामागून एक का जातात, याचं उत्तर यात आहे. संधिवाताची ठरावीक गोळी घेणाऱ्याला नागीण का उठते, त्याचंही आहे.

ओळखपत्र तपासणारी पेशी

१९७५ साली स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉल्फ किस्लिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी, आणि त्याच सुमाराला अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांनी उंदरांच्या शरीरात एक अजब पांढरी पेशी दाखवून दिली. आधी कुठलीही लस नाही, आधीची ओळख नाही, तरी ती कॅन्सरच्या पेशी मारत होती. कुणी न शिकवता मारते म्हणून नाव पडलं नॅचरल किलर.

माणसाच्या रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ५ ते १५ टक्के या एनके पेशी असतात. त्यांची तपासणीची पद्धत मोठी हुशारीची आहे. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या अंगावर ‘मी तुमच्यातलीच’ असं सांगणारं एक ओळखपत्र लावलेलं असतं. काही विषाणू आणि काही कॅन्सरच्या पेशी ते ओळखपत्र लपवतात. का? तर टी पेशी नावाचे जे दुसरे शिपाई आहेत, ते त्याच ओळखपत्रावर अडकवलेला विषाणूचा तुकडा बघून गुन्हेगार ओळखतात. ओळखपत्रच नाही तर टी पेशीला काही दिसत नाही. पण इथे एनके पेशी उभी असते, आणि तिचा नियम उलटा. कार्ड दिसलं तर पुढे जा. कार्ड नाही, वर त्या पेशीच्या अंगावर त्रासाच्या खुणा आहेत, तर तिला भोकं पाडून आतून संपवायचं. ही ‘हरवलेल्या ओळखीची’ कल्पना क्लास कार्रे या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात मांडली.

या पेशी नसल्या तर काय होतं? १९८९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका तेरा वर्षांच्या मुलीची हकिगत प्रसिद्ध केली. तिच्या शरीरात एनके पेशी नव्हत्या. कांजण्यांसारखा आजार, जो बहुतेक मुलं आठ-दहा दिवसांत अंगावर काढतात, तो तिच्या जिवावर बेतला होता. हर्पीस गटातले विषाणू तिला पुन्हा पुन्हा गाठत राहिले.

रोजंदारी, तीही हातोहात

आता मुख्य मुद्दा. एनके पेशी जगते कशावर? मराठीत आपण म्हणतो ना, ‘त्याचं हातावर पोट आहे’. रोज कमवायचं, रोज खायचं, साठवलेलं काही नाही. एनके पेशीची हीच गत. माणसाच्या शरीरात या पेशींचा साठा साधारण दोन आठवड्यांत बदलत राहतो. आणि त्या थोड्या दिवसांतही तिला जिवंत राहायला एक निरोप सतत मिळत राहावा लागतो. त्या निरोपाचं नाव इंटरल्यूकिन-१५, म्हणजे आयएल-१५. १९९४ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी तो वेगवेगळा शोधला.

उंदरांवर प्रयोग झाले. निरोगी एनके पेशी काढून ज्या उंदरांत आयएल-१५ बनतच नाही अशांच्या अंगात सोडल्या. काही दिवसांतच त्या नाहीशा झाल्या. त्यांना कुणी मारलं नव्हतं. निरोप आला नाही म्हणून त्या आपणच मेल्या. पेशीच्या आत जगण्याचा आणि मरण्याचा असे दोन्ही कार्यक्रम कायम तयार असतात. आयएल-१५ येत राहिलं की मरणाचा कार्यक्रम दाबून धरणारी बीसीएल-२ आणि एमसीएल-१ ही प्रथिनं बनत राहतात. निरोप बंद, की ती कमी पडतात, उलट बाजूचं बिम नावाचं प्रथिन वरचढ होतं आणि पेशी स्वतःला मिटवते. थोडक्यात, मरण ही तिची ठरलेली वाट आहे आणि जगायला रोज परवानगी लागते.

ही रोजंदारी मिळते कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. बहुतेक सायटोकाइन रक्तात किंवा पेशींच्या मधल्या पाण्यात सोडली जातात, ज्याला मिळेल त्याने घ्यावं. आयएल-१५ चं तसं नाही. डेंड्रायटिक पेशी आणि मॅक्रोफेज या पेशी ते बनवतात आणि आपल्याच अंगावरच्या एका पकडीत घट्ट धरून ठेवतात. एनके पेशीने जवळ यायचं, अंगाला अंग लावायचं आणि धरलेल्या हातातूनच निरोप घ्यायचा. बँकेत पगार जमा होत नाही, मुकादमाच्या हातून रोख घ्यावा लागतो, तसं. यात सोय अशी की मुकादम जिथे असेल तिथेच मजूर टिकतात, आणि किती टिकायचे हेही मुकादमाच्या हातात राहतं.

निरोप झेलायला एनके पेशीच्या अंगावर दोन भागांचा दरवाजा असतो, एक बीटा आणि एक गॅमा. दरवाज्याच्या आतल्या बाजूला दोन एंझाइम चिकटलेली असतात, जॅक-१ आणि जॅक-३. बाहेरून निरोप लागला की ही दोघं जागी होतात आणि स्टॅट-५ नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारतात. शिक्का बसलेलं स्टॅट-५ थेट पेशीच्या केंद्रकात जाऊन संबंधित जनुकं चालू करतं. कोर्टातल्या फायलीसारखं, शिक्क्याशिवाय पुढे सरकत नाही. (जॅक हे नाव दोन तोंडांच्या रोमन देवावरून, जेनसवरून आलं असं पुस्तकात लिहितात. पण ज्या काळात अशी एंझाइमं पाठोपाठ सापडत होती तेव्हा शास्त्रज्ञ गमतीने ‘आणखी एक किनेज’ या इंग्रजी शब्दांची अद्याक्षरं म्हणून जॅक म्हणत. मुलांना दुसरी गोष्ट जास्त लक्षात राहते.)

बाळांनी सोडवलेलं कोडं

एनके पेशीची रोजंदारी आयएल-१५ आहे, दुसरं काही नाही, हे कळायला उंदरांआधी माणसाची बाळं कारणी लागली. ही गोष्ट दुःखाची आहे, पण सांगायला हवी.

१९७१ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात डेव्हिड व्हेटर नावाचा मुलगा जन्मला. त्याचा थोरला भाऊ तान्हा असतानाच संसर्गाने गेला होता, म्हणून डेव्हिडला जन्मल्याबरोबर निर्जंतुक प्लॅस्टिकच्या तंबूत ठेवलं. तो त्यातच वाढला. खेळणी, पुस्तकं, जेवण, सगळं निर्जंतुक करून आत जायचं. बारा वर्षांचा असताना त्याला बहिणीचा बोनमॅरो दिला. त्या मॅरोत एक विषाणू लपून बसला होता, तेव्हाच्या तपासणीत तो दिसला नाही. फेब्रुवारी १९८४ मध्ये डेव्हिड गेला.

या आजाराला ‘सिव्हिअर कम्बाइन्ड इम्युनोडेफिशिअन्सी’, म्हणजे स्किड म्हणतात. १९९३ साली कळलं की अशा मुलांत त्या गॅमा दरवाज्याचं जनुक बिघडलेलं असतं. हा गॅमा भाग एकट्या आयएल-१५ साठी नाही. आयएल-२, ४, ७, ९, १५ आणि २१ अशा सहा निरोपांना तो सामायिक आहे. म्हणून तो तुटला की सहाही निरोप बंद. या मुलांत टी पेशी नसतात आणि एनके पेशीही नसतात.

१९९५ साली दुसरा गट सापडला. यांचा दरवाजा नीट होता, पण आतलं जॅक-३ बिघडलेलं. चित्र तेच, टी नाहीत, एनके नाहीत. मग १९९८ साली तिसरा गट आला. यांचा फक्त आयएल-७ झेलणारा भाग खराब होता. यांच्यात टी पेशी नव्हत्या, पण एनके पेशी होत्या!

इथे क्षणभर थांबून विचार करा, हे आठवी-नववीच्या मुलांना सुटेल असं कोडं आहे. सहा निरोप बंद पडले तर टी आणि एनके दोन्ही जातात. एकटा आयएल-७ बंद पडला तर फक्त टी जातात. म्हणजे आयएल-७ ही टी पेशींची रोजी, आणि एनकेची रोजी उरलेल्या पाचांपैकी कुठली तरी. २००० साली आयएल-१५ नसलेले उंदीर तयार केले तेव्हा त्यांच्यात एनके पेशी जवळजवळ नव्हत्याच. कोडं सुटलं.

आपल्या घरांसाठी यात काय आहे

हा भाग जरा सावकाश वाचा, आणि घरात कुणी नवी आई होणार असेल तर तिलाही वाचून दाखवा.

गॅमाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई स्वतः ठणठणीत असते, पण तिच्या दोन एक्सपैकी एकावर बिघाड असेल तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी. म्हणून डॉक्टरांनी विचारण्याआधीच एक गोष्ट घरात विचारून ठेवावी : नानीच्या घरी कुणी मामू तान्हेपणी गेले होते का? खालाचे मुलगे गेले का? बापाच्या बाजूला कितीही शोधलं तरी हा धागा सापडणार नाही, तो आजोळच्या बाजूने येतो.

जॅक-३ चा प्रकार वेगळा. त्यात आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. दोघेही निरोगी, दोघेही वाहक, आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक, मुलगा असो की मुलगी. नवरा-बायको चुलत, मामे किंवा खालाजाद भाऊबहीण असतील तर एकच बिघडलेली प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. नात्यातलं लग्न आपल्याकडे होतं, आणि मामाच्या मुलीशी लग्नाची रीत महाराष्ट्रातल्या बऱ्याच हिंदू समाजांतही आहे, त्यामुळे इथे कुणी कुणाकडे बोट दाखवण्याचं कारण नाही. नात्यात लग्न झालेल्या बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगीच असतात. पण ज्या घरात एक बाळ आधीच संसर्गाने गेलं आहे, तिथे पुढच्या बाळाच्या आधी जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा.

असं घर डोळ्यांसमोर आणा. पहिलं बाळ चौथ्या महिन्यात न्यूमोनियाने गेलं. दुसरं सहाव्या महिन्यात. लोक म्हणतात नजर लागली, कुणी म्हणतं सुनेचा पायगुण, कुणी म्हणतं दुधात दोष. त्या बाईच्या दुधात दोष नव्हता आणि पायातही नव्हता. दोष एका जनुकातल्या एखाद्या अक्षराचा होता, आणि तो तपासता आला असता.

ही बाळं जन्मताना छान दिसतात. आईकडून आलेली प्रतिपिंडं पहिले काही आठवडे सांभाळून घेतात. मग दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं : तोंडातली पांढरी बुरशी औषध लावूनही जात नाही, जुलाब आठवडेच्या आठवडे चालतात, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो, वजन वाढत नाही. बीसीजीच्या जागेची जखम पसरते, काखेत मोठी गाठ येते. अशा वेळी साधी सीबीसीची तपासणीसुद्धा खूप सांगते. तान्ह्या बाळाच्या रक्तात लिम्फोसाइट मोठ्या माणसापेक्षा जास्त असतात. एका मायक्रोलिटरमध्ये त्या ३००० पेक्षा कमी असतील तर डॉक्टरांनी स्किडचा विचार करायला हवा. रिपोर्टवर फक्त टक्के लिहिले असतील तर एकूण आकडा किती, हे विचारा. पुढची तपासणी, म्हणजे टी, बी आणि एनके पेशी वेगवेगळ्या मोजणं, मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते. वाडिया बाल रुग्णालयातही अशा मुलांवर इलाज होतो.

बीसीजीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अर्धवट ऐकून लोक लसच टाळतात. बीसीजी ही जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची लस आहे. निरोगी बाळाला ती द्यायलाच हवी, टीबीचे भयंकर प्रकार तिने टळतात. पण ज्या घरात आधीचं बाळ संसर्गाने गेलं आहे, तिथे जन्माच्या वेळीच डॉक्टरांना हे सांगून आधी तपासणी करून घ्यावी, आणि तोवर बीसीजी, तोंडाने द्यायचा पोलिओ डोस आणि रोटाव्हायरसचा डोस थांबवायचा का हे त्यांनी ठरवावं. ही गोष्ट शेजारणीने ठरवायची नाही.

वेळ का महत्त्वाची? अमेरिकेतल्या २५ केंद्रांतल्या २४० बाळांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना साडेतीन महिन्यांच्या आत बोनमॅरोचं प्रत्यारोपण झालं, त्यांच्यातली ९४ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत होती. तिथे २०१८ पर्यंत सगळ्या राज्यांत प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून ही तपासणी सुरू झाली. आपल्याकडे सरकारी पातळीवर प्रत्येक बाळाची अशी तपासणी होत नाही, म्हणून घरातल्या माणसांनी सांगितलेला इतिहास हीच इथे पहिली तपासणी ठरते.

जगणं एक, लढणं दुसरं

रोजी मिळाली म्हणजे एनके पेशी जिवंत राहिली. पण जिवंत असणं आणि लढायला तयार असणं यात फरक आहे. उंदरांत असं दिसलं की शांत बसलेल्या एनके पेशीकडे शस्त्रांचे नकाशे तयार असतात, शस्त्रं मात्र फारशी बनवलेली नसतात. आयएल-१५ चा जोरदार निरोप आला की मग त्या नकाशांवरून परफोरिन आणि ग्रँझाइम ही मारक प्रथिनं झपाट्याने बनतात.

विषाणू शिरला की आणखी निरोप सुटतात. इंटरफेरॉन हा त्यातला सर्वांत जुना माहीत असलेला, १९५७ सालचा शोध. मग आयएल-१२. याला १९८९ साली फिलाडेल्फियात ज्योर्जो त्रिंकिएरी यांच्या गटाने शोधलं तेव्हा नावच ‘एनके पेशीला चेतवणारा घटक’ असं दिलं होतं. आयएल-१२ च्या जोडीला आयएल-१८ आलं की एनके पेशी इंटरफेरॉन-गॅमा नावाचा निरोप भरभरून सोडते. गंमत म्हणजे एकट्या आयएल-१२ ने किंवा एकट्या आयएल-१८ ने फार काही होत नाही. दोघं मिळून आले तरच पेशी मानते की मामला खरा आहे. एका साक्षीदारावर ती विश्वास ठेवत नाही. मग तिने सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमाने मॅक्रोफेज चेततात, टीबीसारखे गिळलेले जंतू मारायला लागतात आणि आणखी आयएल-१२ सोडतात. चक्र फिरायला लागतं.

असं चक्र थांबलं नाही तर शरीरच जळेल. म्हणून ब्रेक आहेत. टीजीएफ-बीटा आणि आयएल-१० हे बाहेरून येणारे ब्रेक. कॅन्सरच्या गाठी टीजीएफ-बीटा भरपूर सोडतात आणि आसपासच्या एनके पेशींना सुस्त करून टाकतात, चोराने पहारेकऱ्याला अफू द्यावी तसं. दुसरा ब्रेक पेशीच्या आतच असतो. आयएल-१५ चा निरोप आला की पेशी सीआयएस नावाचं प्रथिन बनवते, आणि ते त्याच निरोपाचा आवाज खाली आणतं. २०१६ साली मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांतून हे प्रथिन काढून टाकलं. एनके पेशी आयएल-१५ ला फारच तीव्र प्रतिसाद द्यायला लागल्या आणि त्या उंदरांत कॅन्सर पसरायला जास्त विरोध झाला.

मग वाटेल, चला, ब्रेक काढा, आयएल-१५ भरपूर द्या, झाली की इम्युनिटी! इथेच ‘वाढवा वाढवा’वाल्यांचं गणित चुकतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात माणसाच्या एनके पेशींना एका गटात सलग ९ दिवस आयएल-१५ दिलं. दुसऱ्या गटात ३ दिवस दिलं, ३ दिवस थांबवलं, पुन्हा ३ दिवस दिलं. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की सलग खाऊ घातलेल्या पेशी थकल्या, त्यांची ऊर्जा घटली, मारण्याची ताकद कमी झाली. मधे सुट्टी मिळालेल्या पेशी जास्त कामाच्या निघाल्या. दिवसरात्र ओव्हरटाइम करणारा माणूस जसा होतो, तसंच.

आणि हो, काढ्यात आयएल-१५ नसतं. असतं तरी ते प्रथिन आहे, पोटात पचून गेलं असतं.

औषधात उतरलेला निरोप

आयएल-१५ चाच भाऊ आयएल-२. तोही बीटा-गॅमाच्याच दरवाज्याने आत जातो. अमेरिकेत १९९२ साली मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी तो औषध म्हणून मंजूर झाला. काही थोड्या रुग्णांचा कॅन्सर खरंच कायमचा गेला. पण मोठ्या डोसात रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तदाब कोसळतो, अंगावर पाणी चढतं. वर आयएल-२ हा लढाई थांबवणाऱ्या टी पेशींनाही खाऊ घालतो. म्हणून शास्त्रज्ञांची नजर आयएल-१५ कडे वळली.

एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आयएल-१५ वर आधारलेल्या पहिल्या औषधाला मंजुरी दिली. ते आहे मूत्राशयाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी, आणि ते दिलं जातं चक्क बीसीजीबरोबर. होय, आपल्या दंडावर जिचा व्रण आहे तीच बीसीजी. १९७६ पासून ती मूत्राशयात सोडून कॅन्सरवर वापरली जाते. तिथे ती दंग्याचा इशारा देते, पेशी गोळा होतात, आणि नवं औषध त्या गोळा झालेल्या पेशींना रोजी पुरवतं. नुसत्या बीसीजीने ज्यांना फरक पडला नव्हता अशा ७७ रुग्णांपैकी ६२ टक्के जणांत गाठ दिसेनाशी झाली. औषधाची रचनाही मुकादमाच्या हातासारखीच केली आहे, आयएल-१५ एका पकडीत धरलेलं.

ह्यूस्टनमध्येच, जिथे डेव्हिड वाढला त्या शहरात, एमडी अँडरसन कॅन्सर केंद्रात कॅटी रेझवानी यांच्या गटाने वेगळा रस्ता धरला. नाळेच्या रक्तातल्या एनके पेशी घेतल्या, त्यांच्यात रक्ताच्या कॅन्सरची खूण ओळखणारा भाग घातला आणि सोबत आयएल-१५ बनवण्याचं जनुकही घातलं, म्हणजे पेशीने आपली रोजी आपणच कमवावी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या ११ रुग्णांपैकी ८ जणांना फायदा झाला, आणि सायटोकाइनचं वादळ उठलं नाही. अकरा म्हणजे फार थोडे, त्यावरून कुणी घर विकून परदेशी उपचाराला निघू नये. पण ज्या पेशी एरवी दोन आठवड्यांत संपतात त्या काही रुग्णांत वर्षभर सापडत राहिल्या, ही गोष्ट लहान नाही.

आता उलट बाजू. जॅक-३ नसलेल्या बाळांकडे बघून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या जॉन ओशे यांच्यासारख्या शास्त्रज्ञांना सुचलं की हेच एंझाइम औषधाने थोडं दाबलं तर ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठली आहे त्यांना आराम पडेल. त्यातून टोफासिटिनिब ही गोळी आली, २०१२ साली अमेरिकेत संधिवातासाठी मंजूर झाली, आणि आज आपल्याकडेही दिली जाते. सकाळी मुठी न वळणाऱ्या कितीतरी माणसांना तिने पुन्हा कामाला लावलं आहे.

पण जॅक दाबला की एनके पेशीची रोजीही तुटते. या गोळीने रक्तातल्या एनके पेशी कमी होतात, आणि ती घेणाऱ्यांत नागीण उठण्याचं प्रमाण जास्त दिसतं. नागीण म्हणजे लहानपणीच्या कांजण्यांचाच विषाणू, मज्जातंतूंत वर्षानुवर्षं झोपलेला, पहारा ढिला पडला की उठणारा. तेव्हा घरात कुणी ही गोळी घेत असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, आणि डोसही वाढवू नका. गोळी सुरू करण्याआधी टीबीची तपासणी झाली आहे ना, हे विचारा. नागिणीची लस घ्यायची का, कुठली आणि कधी, तेही विचारा. गोळी चालू असताना रक्ताची तपासणी ठरलेल्या तारखेला करा. अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन पुरळ उठलं तर मंत्र-लेपात दिवस न घालवता पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरकडे जा, कारण नागिणीचं विषाणूविरोधी औषध लवकर सुरू झालं तरच नीट लागू पडतं. आणि डॉक्टरला आधी गोळीचं नाव सांगा.